कोरियाने पाडलं, तैवानने जपलं... असं का?

शिंचूकरीण
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आम्ही तीन वर्षांपासून तैवानमध्ये शिंचूला राहतो (नवरा चिपवाला. इथले निम्मे भारतीय नवरे चिपवालेच). घरमालकीणबाई खालच्या मजल्यावर राहतात, वय ९१. इथे आजीला अमा म्हणतात म्हणून आम्हीही अमाच म्हणतो. तर या अमा भाजी निवडताना जपानी गाणी गुणगुणतात. आंबे मोजायचे असले की इची, नी, सान. लेकीशी तैवानी बोलतात, टीव्हीवरच्या मँडरिन बातम्यांना शिव्या घालतात, पण आकडे मात्र जपानीच. एकदा त्यांच्या लेकीला मध्ये घालून विचारलं, की जपान्यांनी राज्य केलं ना तुमच्यावर, मग त्यांची गाणी कशी काय म्हणता? तर म्हणे, तेव्हा रात्री दार सताड उघडं टाकून झोपता यायचं.

मार्चमध्ये आम्ही कोरियाला जाऊन आलो. सोलच्या ग्योंगबोकगुंग राजवाड्यात गाईडने एका मोकळ्या जागेकडे हात केला आणि म्हणाली, इथे जपानी गव्हर्नर जनरलची प्रचंड इमारत होती, आम्ही पाडली. हे सांगताना तिचा चेहरा असा काही खुलला की जणू परवा तिनेच घण घातला होता. आणि मला आठवलं की तैपेईत अगदी तशीच जपानी गव्हर्नर जनरलची इमारत आहे, १९१९ ची, लाल विटांची, पांढरे पट्टे, मध्ये उंच मनोरा. तिथे आज तैवानचे राष्ट्राध्यक्ष बसतात! शाळेच्या सहली येतात, पोरं दोन बोटं दाखवून फोटो काढतात.

मालक एकच. तैवान १८९५ ते १९४५, कोरिया १९१० ते १९४५. मग एकाने घण का घेतला आणि दुसऱ्याने रंग का दिला? तिकडे राहणारे, इतिहासवाले, कोणीही लिहा.

बोकोबा
जपानचं आहे म्हणून जपलं. सोप्पंय.
(पळतो)

खंडाळा_घाट
बोकोबा आले, आता धागा शंभरी गाठणार. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

सुवॉनचा_पक्या
सहा वर्षं कोरियात आहे म्हणून लिहितो, मोठं होईल.

शिंचूकरीणताई, ती इमारत राजवाड्याजवळ नव्हती, राजवाड्याच्या छाताडावर होती. ग्वांगह्वामुन हा मुख्य दरवाजा आणि आतला मुख्य दरबार यांच्या बरोबर मध्ये १९२६ ला बांधून पूर्ण केली, दरवाजा उचलून बाजूला नेऊन ठेवला. रस्त्यावरून बघणाऱ्याला राजाचा दरबार दिसताच कामा नये असा हिशोब. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यातून आत शिरावं आणि समोर पाच मजली कलेक्टर कचेरी उभी असावी, तसं.

पण खरी गंमत पुढे आहे. स्वातंत्र्य मिळाल्यावर ती लगेच पाडली नाही. १५ ऑगस्ट १९४८ ला (हो, यांचाही १५ ऑगस्टच) प्रजासत्ताकाची घोषणा झाली ती याच इमारतीसमोर. मग तिथे सरकारी कचेऱ्या. मग १९८६ पासून चक्क राष्ट्रीय संग्रहालय, म्हणजे देशाच्या जुन्या बुद्धमूर्ती आणि राजांचे सोन्याचे मुकुट जपानी साहेबाच्या बंगल्यात. पाडायचा निर्णय राष्ट्राध्यक्ष किम यंग-साम यांनी घेतला. १५ ऑगस्ट १९९५, बरोबर पन्नास वर्षं झाल्यावर, घुमटावरचा कळस कापून क्रेनने खाली उतरवला. पुढच्या वर्षी अख्खी इमारत गेली. तेव्हाही विरोध करणारे होतेच, इतिहास आहे, ठेवा, हलवा दुसरीकडे, वगैरे.

कळस फेकला नाही मात्र. छोनान गावाजवळ स्वातंत्र्याचं मोठं स्मारक आहे, तिथे तो ठेवलाय. जमिनीखाली पाच मीटर खोल खड्ड्यात, आणि तोही पश्चिमेच्या बाजूला, म्हणजे मावळतीला. आपण काठावर उभं राहून खाली बघायचं. मी गेलो तेव्हा बाजूला एक आजोबा नातवाला काहीतरी समजावत होते आणि नातू खड्ड्यात चिप्सचा पुडा टाकायच्या बेतात होता, आजोबांनी हात धरला. कचरा टाकू नको म्हणून धरला की कळसाचा मान म्हणून, ते नाही कळलं.

कडू_कारलं
पाडून काय मिळालं? एक चांगली ग्रॅनाइटची इमारत गेली. मी स्पष्टच बोलतो, जपानने या दोन्ही देशांना रेल्वे दिली, धरणं दिली, विद्यापीठं दिली. तैवानात १९०८ साली कीलुंगपासून काओश्युंगपर्यंत गाडी धावत होती. तैवानचं सगळ्यात नावाजलेलं विद्यापीठ १९२८ चं, जपान्यांनीच काढलेलं. कोरियाची ती प्रसिद्ध पोलाद कंपनी उभी राहिली त्यात १९६५ च्या करारातून आलेला जपानी पैसा होता, ३० कोटी डॉलर अनुदान आणि २० कोटी कर्ज असा तो करार. तैवानी लोक कृतज्ञ आहेत, कोरियन नाहीत. विषय संपला.

बोकोबा
कारलंसाहेबांनी विषय संपवला म्हणजे आता सुरू झाला.

जुना_जाणता
कारलं, इंग्रजांनी रेल्वे दिली हे मी ३१ वर्षं वर्गात ऐकलंय, निवृत्तीनंतर तरी सुटका होईल वाटलं होतं.

मूळ प्रश्नावर येतो. जपान काय करून गेला ते बघालच, पण जपान गेल्यावर कोण आलं तेही बघा, निम्मं उत्तर तिथे सापडेल. कोरिया हे एक जुनं राज्य होतं, एकच राजवंश १३९२ पासून गादीवर. ते गिळलं गेलं. त्यामुळे जपान गेल्यावर परत मिळवायला काहीतरी होतं: राजवाडा, भाषा, नाव. तैवान हे चीनच्या चिंग साम्राज्याचं टोकाचं बेट, १८९५ मध्ये लढाई हरल्यावर शिमोनोसेकीच्या तहात बेट देऊन मोकळे झाले. तिथल्या लोकांना कोणी विचारलं नाही. १९४५ मध्ये परत चीनच्या, म्हणजे चँग कै-शेकच्या कुओमिंतांग पक्षाच्या ताब्यात दिलं, तेव्हाही कोणी विचारलं नाही.

आणि सुरुवातीला लोक खुश होते हं! बंदरावर स्वागताला गेले होते. मग तांदूळ महागला, नोकऱ्या मुख्य भूमीवरून आलेल्यांना, वर भाषा वेगळी. २७ फेब्रुवारी १९४७ च्या संध्याकाळी तैपेईत चोरटी सिगरेट विकणाऱ्या एका विधवेला सरकारी तंबाखू मक्तेदारीच्या माणसांनी मारलं, जमाव जमला, गोळी सुटली, एक माणूस गेला. दुसऱ्या दिवशी शहर पेटलं. मार्चमध्ये चीनमधून फौज आली. १९९२ च्या सरकारी अहवालात मृतांचा अंदाज १८ ते २८ हजार असा दिलाय. त्यानंतर १९४९ ते १९८७ मार्शल लॉ. अडतीस वर्षं यावर कुजबुजायचीही चोरी.

त्या काळातली एक म्हण तिथे अजून ऐकू येते: कुत्रा गेला आणि डुक्कर आलं. कुत्रा म्हणजे जपानी. भुंकतो, चावतो, पण घर राखतो. डुक्कर नुसतं खातं. तर तुमच्या अमांचं उघडं दार हे जपानचं कौतुक कमी आणि नंतर आलेल्यांवरची तक्रार जास्त, असं माझं मत.

शिंचूकरीण
जुना_जाणता सर, अंगावर काटा आला. तैपेईत त्या राष्ट्राध्यक्षांच्या इमारतीपासून पाच मिनिटांवर जे बाग आहे ना, तळं, खारी, चिनी छत्र्या, तिचं नाव २२८ आहे (म्हणजे २/२८, २८ फेब्रुवारी). मी तिथे डबा खाल्लाय आणि मला वाटत होतं तो बसचा नंबर असेल. लाज वाटतेय.

ऱ्हस्वदीर्घ
'जे बाग' नव्हे, 'जी बाग'. बाकी धागा उत्तम.

शिंचूकरीण
भावना पोचल्या ना, झालं तर. :)

पाटीलबुवा
कारल्याला एक सांगतो, मी शेतकरी मानूस, कोल्हापूरकडचा. धरण धरण करताय ते ताईनानजवळचं वुशानतौ ना? आमच्या ऊस अभ्यास दौऱ्यात दाखवलं होतं. हात्ता योइची नावाच्या जपानी इंजिनेरानं १९३० ला पुरं केलं, दीड लाख हेक्टर भिजतंय, कालवे नि चाऱ्या सगळ्या धरून सोळा हजार किलोमीटर. काम झ्याक हाय, खोटं का बोला. त्याचा पुतळा बी आहे तिथं, आणि आपल्यासारखा घोड्यावर न्हाई, हात वर करून बी न्हाई. मानूस भुईवर बसलाय, पायात कामाचे बूट, गुडघ्यावर कोपर, आणि एक हात केसात घालून इचार करतोय. पाणी सोडायच्या पाळीचा इचार करत असणार, आमचा पाटकरी असाच बसतो.

पण पाणी कशापाई दिलं? एक साल भात, एक साल ऊस, एक साल इतर, अशी पाळी ठरलेली. भात जपानला, साखर जपानला. आणि उसाची झोनबंदी! तुमच्या शिवाराला जो कारखाना नेमून दिलाय तिथंच ऊस घालायचा, भाव त्यो सांगेल त्यो. आमच्या सोबतच्या दुभाष्यानं तिथली एक म्हण सांगितली, मी वहीत लिहून घेतली: पयला येडा कोण, तर ऊस लावून कंपनीच्या काट्यावर घालणारा.

म्हंजे काटामारी तिथं बी! ते ऐकून आमचे सगळे शेतकरी इतके हसले की दुभाष्याला वाटलं त्याचं काय तरी चुकलं.

खंडाळा_घाट
पाटीलबुवा, आजचा बेष्ट प्रतिसाद. काटामारी हा खरा आंतरराष्ट्रीय वारसा.

सुवॉनचा_पक्या
त्या हात्ताच्या पुतळ्याचं २०१७ मध्ये मुंडकं उडवलं होतं ना? इकडे बातमी आली होती.

शिंचूकरीण
हो, एप्रिल २०१७. करणारा चीनशी एकीकरण हवं असणाऱ्यांपैकी होता. आणि काही दिवसांतच यांगमिंगशानला चँग कै-शेकच्या पुतळ्याचं मुंडकं गेलं! हात्ताचं डोकं ८ मेच्या पुण्यतिथीआधी परत बसवलं. चँगचे पुतळे तर इथे शाळाशाळांतून, चौकाचौकांतून होते, त्यातले शेकड्यांनी उचलून ताओयुआनजवळ त्छहू नावाच्या बागेत नेऊन ठेवलेत. आम्ही गेलो होतो. उभे चँग, बसलेले चँग, घोड्यावरचे चँग, सगळे एकमेकांकडे बघून हसतायत. माझा मुलगा म्हणाला, आई, हे सगळे जुळे आहेत का?

बोकोबा
पुतळ्यांचा वृद्धाश्रम. ही आयडिया कोणी आपल्याकडे सांगू नका, जागा पुरायची नाही.

कांजीकाकू
मी पुण्यात जपानी शिकवते आणि भाषांतरं करते. आपल्याकडे जपान म्हटलं की शिस्त, वक्तशीरपणा, रुळावरून सुळकन जाणारी गाडी, एवढंच डोळ्यांपुढे येतं. माझ्या वर्गात दरवर्षी एक तरी मुलगा विचारतो, मॅडम जपानने कधी कोणावर राज्य केलं होतं का? म्हणून एक गोष्ट सांगते, वर्गातही सांगते.

डिसेंबर १९७४ मध्ये इंडोनेशियाच्या मोरोताई बेटावर जंगलात एक जपानी सैनिक सापडला. युद्ध संपून २९ वर्षं झाली होती आणि हा तिथे झोपडी बांधून, रताळी लावून एकटा राहत होता. जपानी सैन्यात त्याचं नाव नाकामुरा तेरुओ. पण तो जपानी नव्हताच, तैवानच्या आमिस या आदिवासी जमातीतला होता, मूळ नाव आत्तुन पालालिन. घरी परत आला तर कळलं की आता सरकारदरबारी तिसरंच, चिनी नाव लागलंय: ली कुआंग-हुई. बायकोने दुसरं लग्न केलेलं. त्याच वर्षी फिलिपिन्सच्या जंगलातून निघालेल्या ओनोदा या जपानी अधिकाऱ्याचं तोक्योत वीरासारखं स्वागत झालं होतं. याला वसाहतीतला म्हणून सुरुवातीला फक्त ६८ हजार येन. नंतर ओरड झाली तेव्हा आणखी पैसे जमले. १९७९ मध्ये वारला.

एक माणूस, तीन नावं, आणि त्यातली दोन त्याला न विचारता ठेवलेली. 'तैवानी लोक कृतज्ञ आहेत' असं ऐकलं की मला हा आठवतो. जपानच्या बाजूने दोन लाखांवर तैवानी गेले युद्धात, सैनिक, हमाल, परिचारिका धरून, त्यातले तीसेक हजार परत आले नाहीत. ली तेंग-हुई, जे पुढे तैवानचे राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांचा थोरला भाऊ त्यातच गेला. स्वतः ली क्योतोला शिकलेले आणि २२ वर्षांचा होईपर्यंत आपण जपानीच होतो असं उघड सांगायचे. त्यांनीच १९९५ मध्ये २२८ बद्दल सरकारतर्फे माफी मागितली. हे सगळं एकाच माणसात.

पाटीलबुवा
रताळी लावून २९ वर्षं. अरारारा.

कडू_कारलं
अपवाद सांगू नका. बहुसंख्य तैवानी माणसाचा अनुभव बघा.

कांजीकाकू
बरं, अपवाद नको तर संख्या घ्या. १९१५ मध्ये तापानीचा उठाव झाला त्यात एकाच न्यायालयाने ८६६ जणांना फाशी सुनावली, इतकी की जपानमध्येच आरडाओरडा होऊन बहुतेकांची शिक्षा कमी करावी लागली. आणि १९३० मध्ये वुशेला सेडिक जमातीने उठाव केला, शाळेच्या क्रीडादिनाला हल्ला करून १३४ जपानी मारले, त्यात बायकामुलंही होती, ते काही गोडगोड नाही. उत्तर म्हणून विमानं आली, तोफा आल्या, ती गावंच्या गावं संपली. त्यांचा पुढारी मोना रुदाओ आज तैवानच्या वीस डॉलरच्या नाण्यावर आहे. 'बहुसंख्य' मध्ये डोंगरातली माणसं मोजायची की नाही, ते तुम्हीच ठरवा.

शिंचूकरीण
काकू, वीसचं नाणं कधीमधीच हाताला लागतं, आज डबा उपडा करून शोधलं. सापडलं एक. डोक्याला पट्टी बांधलेला माणूस. इतके दिवस कोणीतरी संत असावेत असं वाटत होतं.

सोलकढी
मी गोंयची. तुमच्या अमाचं वाक्य वाचून हसूच आलं, कारण माझी आजी मरेपर्यंत हेच म्हणायची. पोर्तुगेजांच्या काळात चोऱ्या नव्हत्या, दार उघडं ठेवून झोपायचो. तेच दार! आणि त्याच आजीचा दीर सत्याग्रहात गेला म्हणून आग्वादच्या तुरुंगात होता. त्याला विचारलं की म्हणायचा, दार उघडं होतं खरं, पोलिसांना आत यायला बरं पडायचं.

घरात दोन्ही वाक्यं एकाच टेबलावर, एकाच जेवणात. भांडण कधी झालं नाही. आजी त्याला फक्त आणखी हुमण वाढायची.

जुना_जाणता
सोलकढी, तुमच्या आजेसासऱ्यांना दंडवत.

सोलकढी
आजेसासरे नव्हे हो, आजीचा दीर, म्हणजे माझ्या आजोबांचा भाऊ. चुलत आजोबा म्हणा.

ऱ्हस्वदीर्घ
शब्दांकडे कोणी वळेना म्हणून मीच वळतो. आपण पाव, बटाटा, चावी, साबण, पगार म्हणतो, कोणाला पोर्तुगीज आठवत नाहीत. तैवान आणि कोरियात जपानी शब्दांचं काय झालं?

शिंचूकरीण
इथे ठेवले! डब्याला ब्येनदांग म्हणतात, तो जपानी बेंतोच. रेल्वेचा डबा इथे इतका लाडका आहे की लोक डब्यासाठी गाडीत बसतात. मावशीला ओबासान, काकाला ओजिसान. टॅक्सीवाल्याला उन-चान हाक मारतात तोही जपानीच. आणि आपली भजी नव्हेत, पण माशाच्या लगद्याच्या तळलेल्या वड्या मिळतात, त्या त्येनबुला, म्हणजे तेम्पुरा. त्यातला तेम्पुरा हा शब्द जपानने पोर्तुगीजांकडून उचललाय म्हणे. सोलकढीताई, तुमचे लोक सगळीकडे आहेत.

सुवॉनचा_पक्या
कोरियात उलट, शब्द वेचून वेचून काढले. डबा आता दोशिराक. मुळ्याचं पिवळं लोणचं असतं, सगळीकडे फुकट देतात, त्याला आता दानमुजी म्हणायचं, ताकुआन म्हणायचं नाही. आमच्या कँटीनमधली सत्तरीची मावशी अजून दाक्क्वांगच म्हणते, आणि काउंटरवरचा पोरगा दरवेळी मोठ्याने 'दानमुजी!' अशी दुरुस्ती करतो. दरवेळी. ती दरवेळी मान डोलावते आणि पुढच्या माणसाला पुन्हा दाक्क्वांग. अगदी आपल्या ऱ्हस्वदीर्घांसारखं चालतं.

प्राथमिक शाळेचं नावसुद्धा १९९६ मध्ये बदललं, कारण जुनं 'गुकमिन हाक्क्यो' हे १९४१ मध्ये जपानने लावलेलं होतं, सम्राटाची प्रजा घडवणारी शाळा अशा अर्थाचं. आता छोदुंग हाक्क्यो.

आणि माणसांची नावं. १९४० मध्ये जपानी पद्धतीची आडनावं घ्यायला लावली, सहा महिन्यांत ऐंशी टक्के घरांनी घेतली. घेतली म्हणजे काय, नाही घेतलं तर पोराला शाळा नाही, रेशनला त्रास. माझ्या टीममधल्या एकाने आजोबांचं शाळेचं सर्टिफिकेट दाखवलं होतं, त्यावर नाव कानेमोतो. आडनाव मूळ किम. किम म्हणजे सोनं, आणि जपानी कानेमोतोमधलं पहिलं अक्षर तेच सोन्याचं. म्हणजे नाव बदललं पण एक अक्षर आत शिवून ठेवलं, घाईत घर सोडताना बाईने पदरात दागिना बांधावा तसं. त्याने तो कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवलाय. ना फाडला, ना फ्रेम केला.

कांजीकाकू
पक्या, हे फार छान सांगितलंस. तैवानात नाव बदलायला उलट परवानगी काढावी लागे, घरात जपानी बोलता का वगैरे अटी होत्या. त्यामुळे तिथे काहींना तो मान वाटला. हाही फरक मूळ प्रश्नात धरायला हवा.

नेताजीभक्त_७२
तैवानचा विषय निघाला आणि कोणी नेताजींचं नाव घेत नाही याचं आश्चर्य वाटतं. १८ ऑगस्ट १९४५ ला ताइहोकुला विमान पडलं असं सांगितलं जातं ते ताइहोकु म्हणजेच आजचं तैपेई. सत्य काय आहे ते

संपादक
नेताजींवर आधीच सहा धागे आहेत, त्यातले चार कुलूपबंद. कृपया इथे सातवा सुरू करू नये.

जुना_जाणता
संपादकांशी सहमत, पण एक जवळचा मुद्दा मांडून गप्प बसतो. आपल्या लोकांनाही जपानी अंमल माहीत आहे, अंदमानात. १९४२ ते ४५. अंदमान म्हटलं की आपल्याला फक्त इंग्रज आणि कोलू आठवतो. जानेवारी १९४४ मध्ये होमफ्रेगंजला ४४ भारतीयांना हेर ठरवून गोळ्या घातल्या, तो जपानी अंमल होता. त्याचं स्मारक आहे तिथे. सहलीत सहसा दाखवत नाहीत.

कडू_कारलं
हे माहीत नव्हतं.

बोकोबा
स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. तारीख वेळेसकट.

उनाड_पोर
कोरियन सिरियल बघून मला वाटायचं हे लोक सगळे एकमताने जपानविरोधी. पक्यादादा, तसंच आहे का?

सुवॉनचा_पक्या
छे रे. इमारत पाडली, माणसं राहिली हे तिथलं खरं दुखणं आहे. जपान्यांचे पोलीस, न्यायाधीश, कारकून, १९४५ नंतर अमेरिकन लष्करी सरकारने तसेच कामावर ठेवले. १९४८ मध्ये देशद्रोह्यांच्या चौकशीसाठी समिती बसली तर १९४९ मध्ये पोलिसांनीच तिच्या कचेरीवर धाड घातली, समिती गुंडाळली. पार्क चुंग-ही, ज्यांनी देश श्रीमंत केला असं म्हणतात, ते मांचुकुओच्या, म्हणजे मंचुरियातल्या जपानच्या ताटाखालच्या राज्याच्या, सैन्यात अधिकारी होते. २००९ मध्ये जपानधार्जिण्यांचा कोश निघाला, त्यात ४,३८९ नावं. त्यात राष्ट्रगीताच्या चालीचे संगीतकार आन इक-ते पण आहेत! आता राष्ट्रगीत म्हणताना काय करायचं सांग.

म्हणून मला कधी कधी वाटतं इमारत पाडणं सोपं होतं. तिला नातेवाईक नव्हते.

आणि ज्यांचं खरं नुकसान झालं त्या बोलल्या सगळ्यात शेवटी. जपानी सैन्याने वेश्यागृहांत डांबलेल्या बायकांपैकी किम हाक-सुन या पहिल्यांदा नाव लावून, तोंड दाखवून बोलल्या त्या १४ ऑगस्ट १९९१ ला. शेहेचाळीस वर्षांनी. १९९२ पासून दर बुधवारी जपानी वकिलातीसमोर निदर्शनं चालू आहेत. मी एकदा थंडीत गेलो होतो, रस्त्यापलीकडे खुर्चीत बसलेल्या मुलीचा पुतळा आहे, कोणीतरी तिला लोकरीची टोपी घातली होती आणि पायाशी मोजे ठेवले होते, कारण ती अनवाणी आहे.

शिंचूकरीण
तैवानमध्येही अशा अमा होत्या. शेवटची ज्ञात २०२३ मध्ये गेली, आम्ही इथे आलो त्याच्या थोडं आधी किंवा नंतर असेल. पण त्यांच्यासाठी निदर्शनं केली की लगेच राजकारण. २०१८ मध्ये ताईनानला एक पुतळा बसवला तो कुओमिंतांगच्या पुढाकाराने, मग दुसऱ्या बाजूचे म्हणाले, तुम्हाला बायकांचं काय पडलंय, तुम्हाला जपानला टोचायचंय. जपानवर बोललात तर तुम्ही चीनवाले, चँगवर बोललात तर जपानवाले. त्या बायका मध्येच राहिल्या. (अमांच्या लेकीने सांगितलेलं लिहितेय, तीही वैतागून सांगत होती.)

खंडाळा_घाट
नऊ दिवस झाले, धागा थंडावला. ताई, अमांना पुन्हा विचारलंत की नाही?

शिंचूकरीण
विचारलं. उशीर झाला कारण अमांना सर्दी होती.

रविवारी आंबे घेऊन खाली गेले. (इची, नी, सान झालं. सात निघाले, एक मऊ होता तो मला परत.) लेकही होती. मी या वेळी गाण्याचं काही काढलं नाही, नुसतं विचारलं, अमा, तुम्ही शाळेत जायचात तेव्हा घरी जेवायला काय असायचं?

तर अमा एकदम सुरू झाल्या. की भात पिकवायचो आम्ही, पण युद्धात सगळा मोजून न्यायचे, घरात रताळ्याचा कीस. की बाबांनी मागच्या बांबूत एक डुक्कर लपवून वाढवलं होतं, सणाला कापायला. कोणीतरी चुगली केली. पोलीस आला, तोच पोलीस जो एरवी फार सभ्य, स्वच्छ गणवेश, पांढरे हातमोजे. त्याने बाबांना अंगणात गुडघ्यावर बसवलं आणि थोबाडीत मारल्या. मोठ्याने मोजत. इथे अमांनी हाताची बोटं दुमडत दाखवलं: इची, नी, सान, शी, गो... आठापर्यंत गेल्या आणि थांबल्या. मग टीव्हीचा आवाज वाढवला.

लेक माझ्याकडे बघत राहिली. ती ६२ वर्षांची आहे, तिने हे कधीच ऐकलं नव्हतं. तिने विचारलं, आई, मला कधी सांगितलं नाहीस? तर अमा म्हणाल्या, सगळे गाणंच म्हणायला सांगतात. जपानी टुरिस्ट येतात तेही गाणं, टीव्हीवाले आले होते तेही गाणं. डुकराचं कोण विचारतंय.

मग थोड्या वेळाने स्वतःहूनच म्हणाल्या, पण दार उघडं असायचं हे खरं आहे हं, लिहायचं असेल तर तेही लिही. म्हणून लिहिलं.

जुना_जाणता
...

कडू_कारलं
शिंचूकरीण, अमांना माझा नमस्कार सांगा. मी मुद्दा सोडलेला नाही, पण नमस्कार सांगा.

पाटीलबुवा
डुक्कर नेलं का कापून दिलं त्यांनी? ते राहिलं सांगायचं.

शिंचूकरीण
नेलं, पाटीलबुवा. पाय बांधून, सायकलवर.

ऱ्हस्वदीर्घ
आज शुद्धलेखन काढत नाही.

सोलकढी
ताई, त्या मऊ आंब्याचं सासव कर. पाककृती तुझ्या विचारपुशीत टाकते.